आजीच्या साडेसातचं काय करायचं?

गेल्या दिवाळीत कराडला घरी गेले तेव्हा आजीची मालिका बंद होऊन चार दिवस झाले होते. मालिकेचं नाव सांगत नाही, तुमच्याही घरी कुणीतरी ती बघत असणार. बंद कशी झाली तेही नेहमीचंच. आधी साडेसातची मालिका साडेसहावर ढकलली. मराठी मालिका बघणाऱ्या कुणालाही हे पक्कं ठाऊक असतं की वेळ बदलली म्हणजे हिचे दिवस भरले. साडेसहाला आजी दिवा लावते, तुळशीपाशी जाते, त्यामुळे तिचा रोज निम्मा भाग हुकायचा. मग शेवटच्या आठवड्यात, जिने अडीच वर्षं सगळ्यांच्या ताटात काही ना काही कालवलं त्या थोरल्या जाऊबाईंना एका रात्रीत उपरती झाली, कोमातला काका उठून बसला आणि सगळ्यांनी मिळून सत्यनारायण घातला. संपली मालिका.

मी म्हटलं, "आजी, ॲपवर सगळे भाग आहेत. लावून देऊ का?"

ती म्हणाली, "झालेलं सगळं बघितलंय गं मी. पुढचं आहे का त्यात?"

पुढचं नव्हतं.

त्या मालिकेच्या शेवटच्या प्रोमोखाली शेकडो लोकांनी एकच मागणी केली होती: वाहिनीला नको असेल तर ओटीटीवर न्या, पण बंद करू नका. खरं सांगायचं तर मीही तिथे एक बदाम टाकून आले होते. (हो, मी मालिका बघते. आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये आम्ही सहाजणी एका फोनवर दीडच्या स्पीडने बघतो आणि कुणी विचारलं तर 'टाइमपास' म्हणून सांगतो.) पण नंतर मास मीडियाच्या एका असाइनमेंटसाठी 'टीव्हीवर बंद पडलेली मालिका इंटरनेटवर नेली तर काय होतं' हे शोधत बसले आणि माझं मत बदललं. कारण हा प्रयोग जगात आधीच होऊन गेलाय, आणि एकदा नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट अमेरिकेतली. १४ एप्रिल २०११ला एबीसी वाहिनीने एकाच दिवशी दोन मालिका बंद करत असल्याचं जाहीर केलं. 'ऑल माय चिल्ड्रेन' १९७० पासून चालू होती आणि 'वन लाइफ टू लिव्ह' १९६८ पासून. म्हणजे बघणारी बाई लग्न होऊन आली, आई झाली, आजी झाली, आणि दुपारी टीव्हीवर तीच माणसं. दोन्ही मालिका ॲग्नेस निक्सन या बाईंनी लिहायला घेतलेल्या. सुझन लुची या अभिनेत्रीने 'ऑल माय चिल्ड्रेन'मधली एरिका केन पहिल्या वर्षापासून एबीसीवरच्या शेवटच्या भागापर्यंत केली, ४१ वर्षं. त्या भूमिकेसाठी तिला एमी मिळाली ती १९९९ मध्ये, एकोणिसाव्या नामांकनाला. आपल्याकडे एखाद्या नायिकेने ४१ आठवडे तोच रोल केला तरी सेटवर केक कापतात.

मालिका संपवून त्या जागी खाण्यापिण्याचा आणि लाइफस्टाइलचा शो आणायचं ठरलं, कारण तो स्वस्तात बनतो. प्रेक्षक इतके चिडले की हूव्हर या व्हॅक्यूम क्लीनरच्या कंपनीने एबीसीवरच्या आपल्या जाहिराती मागे घेतल्या. मालिकांना 'सोप' हे नाव पडलं तेच मुळात साबणाच्या कंपन्यांनी पैसे लावले म्हणून. आणि आता झाडलोटीचं यंत्र विकणारी कंपनी त्यांच्या बाजूने उभी राहिली. याची गंमत मला अजून वाटते.

त्याच वर्षी जुलैमध्ये प्रॉस्पेक्ट पार्क नावाच्या कंपनीने दोन्ही मालिकांचे हक्क घेतले आणि जाहीर केलं की आम्ही या इंटरनेटवर नेणार. लोकांनी आनंदाने उड्या मारल्या. नोव्हेंबरमध्ये त्याच कंपनीने सांगितलं की जमत नाही, थांबवतोय. कामगार संघटनांशी करार होईनात, पैसा उभा राहीना. पुन्हा जुळवाजुळव होऊन मालिका हुलूवर आणि आयट्यून्सवर आल्या त्या २९ एप्रिल २०१३ला. 'ऑल माय चिल्ड्रेन'चा एबीसीवरचा शेवटचा भाग २३ सप्टेंबर २०११ला झाला होता. मध्ये दीड वर्षाहून जास्त गेलं. विचार करा, रोज दुपारी येणारी शेजारीण दीड वर्ष आली नाही आणि मग एकदम दारात उभी राहिली, तर तुम्ही चहा टाकाल, पण ती आता रोज येईल असं धरून चालाल का?

शिवाय आलेली शेजारीण तीच नव्हती. तासाचा भाग अर्ध्या तासाचा झाला. सुझन लुची आलीच नाही. सुरुवातीला प्रत्येक मालिकेचे आठवड्याला चार भाग टाकायचे ठरलं होतं, पण थोड्याच आठवड्यांत ते दोनावर आणले, कारण लोक रोज बघत नव्हते. साठवून ठेवायचे, मग गाठता यायचं नाही. इथेच सगळी मेख आहे असं मला वाटतं. 'हवं तेव्हा बघा' ही सोय आहे असं आपण धरून चालतो. पण रोजच्या मालिकेचा अर्धा जीव 'आत्ताच बघायला हवं' यात असतो. साडेसात म्हणजे साडेसात. कुकर आधी लावायचा, फोन नंतर घ्यायचा. ती वेळ गेली की उरते फक्त गोष्ट, आणि निव्वळ गोष्ट म्हणून बघितल्या तर बऱ्याच मालिका उघड्या पडतात.

पुढचं लवकर सांगते. कंपनी आणि एबीसी कोर्टात गेले. एबीसीने 'वन लाइफ'मधली काही पात्रं आपल्या 'जनरल हॉस्पिटल' या दुसऱ्या मालिकेत उसनी घेतली होती आणि तिथे त्यांचं भलतंच केलं, ही त्यातली एक तक्रार. (उसनी वाटी परत आली ती पोचे पडून, तसं.) २०१३ संपायच्या आत दोन्ही मालिका पुन्हा बंद पडल्या आणि मार्च २०१४ मध्ये प्रॉस्पेक्ट पार्कने दिवाळखोरीचा अर्ज केला.

मग हे कधीच जमत नाही का? जमतं, फक्त कसं जमलं ते बघा. 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' ही मालिका एनबीसीवर १९६५ पासून चालू होती. ९ सप्टेंबर २०२२ च्या शुक्रवारी तिचा टीव्हीवरचा शेवटचा भाग झाला आणि १२ तारखेच्या सोमवारी पुढचा भाग पीकॉक या ॲपवर आला. मध्ये फक्त शनिवार-रविवार. तेच निर्माते, तेच कलाकार, आठवड्याचे तेच पाच भाग. वाहिनी आणि ॲप एकाच मालकाचं, त्यामुळे टीव्हीवरच प्रेक्षकांना सांगता आलं की आता इकडे या. पैसे मात्र भरावे लागले. ज्या आज्यांना जमलं नाही त्या तिथेच सुटल्या, पण मालिका चालू राहिली.

आणि तिसरी, 'नेबर्स'. ऑस्ट्रेलियातली १९८५ची मालिका, मेलबर्नच्या एका बोळातल्या शेजाऱ्यांची. कायली मिनोग, मार्गो रॉबी याच मालिकेतून पुढे आल्या. पैसा मोठ्या प्रमाणात ब्रिटनच्या चॅनल ५ कडून यायचा. त्यांनी २०२२ मध्ये हात काढून घेतला आणि जुलैमध्ये जंगी शेवट झाला, दोघीही त्यासाठी परत आल्या. लोक रडले. चारच महिन्यांनी ॲमेझॉनने जाहीर केलं की आम्ही चालू करतोय. १८ सप्टेंबर २०२३ पासून फ्रीव्हीवर, जाहिरातींसकट फुकट, आठवड्याला चार भाग. सगळं नीट चाललं होतं. दीड वर्षानेच, फेब्रुवारी २०२५ मध्ये, ॲमेझॉनने बंद करायचं ठरवलं. डिसेंबर २०२५ मध्ये मालिका दुसऱ्यांदा संपली. तोवर फ्रीव्ही हे नावही गुंडाळून झालं होतं.

टीव्हीवर निदान गुरुवारी टीआरपी येतो. तो आकडा कितीही वादग्रस्त असला तरी आपली मालिका का मेली ते कळतं. ॲपवर कुणी किती बघितलं हे फक्त ॲपवाल्यांना माहीत. 'आमचं धोरण बदललं' एवढ्यावर विषय संपतो. म्हणून 'ओटीटीवर न्या' म्हणणाऱ्यांना माझं विचारणं आहे, की मालिका वाचवताय की फक्त मारणारा हात बदलताय?

आपल्याकडे तर नेतात ते नुसतं नाव. 'पवित्र रिश्ता' आठवतेय ना, मुंबईतल्या मराठी घरातल्या अर्चना-मानवची? २००९ ते २०१४, चौदाशेहून जास्त भाग. २०२१ मध्ये ती झी५ वर आली ती मोजक्या भागांचा सीझन म्हणून. 'साराभाई व्हर्सेस साराभाई' २०१७ मध्ये हॉटस्टारवर परतली तेव्हाही तेच. वाईट होतं असं म्हणत नाही, माया साराभाईचं एक वाक्य ऐकायला मी कधीही तयार आहे. पण तो वाढदिवसाला भेटून जाणारा पाहुणा, घरातलं माणूस नाही.

माझी रूममेट म्हणते, मरू देत की, नाहीतरी ताणतातच. अर्धं पटतं. काही मालिका दोनशेव्या भागालाच संपायला हव्या होत्या, आजीची मालिकासुद्धा. पण रोज येण्यात एक ताकद असते. १९७३ मध्ये, अमेरिकेत गर्भपाताला कायद्याने मान्यता मिळाली त्याच वर्षी, एरिका केनने मालिकेत गर्भपात करून घेतला. घराघरांत दुपारी, इस्त्री करता करता बायकांनी ते बघितलं. आठ भागांच्या वेब सीरिजमध्ये असं काही आलं की ते बघतात कोण? ज्यांना आधीच पटलेलं असतं ते. आपण.

आणि मालिका म्हणजे नुसते कलाकार नाहीत. मालिका बंद होते तेव्हा स्पॉटदादा, लाइटवाले, हेअर करणाऱ्या ताया, जेवण पुरवणारे, सगळ्यांचं काम एकदम थांबतं. 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडे झाली, 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरकडे, तेव्हा आमच्या भागातल्या कित्येकांना पहिल्यांदा कळलं की सेटवरही रोजगार असतो. आठ भागांचा सीझन दीड-दोन महिन्यांत शूट होऊन संपतो. त्यावर घर चालत नाही.

म्हणून मागायचंच असेल तर नीट मागूया. मालिका न्यायचीच असेल तर जिवंत असताना न्या, मेल्यावर वर्षाने नको. महिनाभर आधी टीव्हीवरच सांगा की आता कुठे, कसं बघायचं. वेळ तीच ठेवा, ठरलेल्या मिनिटाला भाग टाका. जाहिराती दाखवा, पण फुकट दाखवा. आणि हे काहीच परवडत नसेल तर शेवट करायला लेखकाला तीन महिने द्या, म्हणजे जाऊबाईंना एका रात्रीत उपरती व्हायची गरज पडणार नाही. शेवट चांगला झाला तर माणसं 'पुढचं आहे का' असं विचारत नाहीत.

आजीला ॲप शिकवायचा प्रयत्न मी त्या सुट्टीत केला. लॉगिनला ओटीपी लागतो. ओटीपी बाबांच्या फोनवर येतो. बाबा नऊपर्यंत दुकानात. तिसऱ्या दिवशी तिनेच फोन बाजूला ठेवला आणि म्हणाली, "राहू दे, तुझं चार्जिंग संपेल."

हल्ली ती मला साडेसातला फोन करते. बरोबर साडेसातला. मेसमध्ये आज कसली भाजी होती, तिथून सुरुवात होते आणि मग रूममेटच्या त्या मुलाचं काय झालं, रेक्टरबाई परत ओरडल्या का, शेजारच्या खोलीतल्या दोघींनी बोलायला सुरुवात केली की नाही. परवा प्रॅक्टिकल लांबलं म्हणून माझ्याकडून फोन घेतला गेला नाही. काल तिने पहिलं वाक्य टाकलं, "कालचा राहिला, आधी तो सांग."