वाहनतळावरचा साक्षीदार

आप्तांच्या आजारपणात ज्यांनी नागपुरातील धंतोली पायाखाली घातली आहे, त्यांना तिचे वर्णन सांगण्याची आवश्यकता नाही. एकेकाळची बंगल्यांची ही निवांत वस्ती आज रुग्णालयांची वस्ती झाली आहे. रस्ते होते तेवढेच राहिले. रुग्ण, नातेवाईक आणि त्यांची वाहने मात्र बेसुमार वाढली. तेथील नागरिक मंडळाला हे गाऱ्हाणे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे न्यावे लागले. अशा ठिकाणी गाडी लावणे हेच एक दिव्य, आणि लावलेली गाडी जागेवर सापडणे हे दुसरे. तेव्हा वाहनतळावर सुरक्षा-कॅमेरे बसवावेत ही मागणी रास्त आहे. तिला आमचा विरोध नाही.

परंतु वाचकहो, कॅमेरा बसला म्हणजे न्यायाची व्यवस्था झाली, असे आपण समजत असाल तर ती भ्रांती होय. कॅमेरा हा साक्षीदार आहे. आणि कोणत्याही साक्षीदाराविषयी पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो, की तो कोणाच्या घरी राहतो?

समजा, एखाद्या वाहनतळावरून रात्री एक मोटारसायकल नाहीशी झाली. संशय प्रथम कोणावर जाईल? मोटारीतून उतरणाऱ्या गृहस्थावर नव्हे. तो जाईल गाड्यांच्या रांगा लावणाऱ्या पोरावर, झाडणाऱ्या बाईवर, रात्रभर दाराशी उभ्या असलेल्या रखवालदारावर. ही माणसे कोणत्या वस्त्यांतून येतात हे आपणांस आम्ही सांगावयास नको. कदाचित त्यांपैकी एक आपल्याच घरातला असेल. ठेकेदार त्याला त्याच दिवशी घरी बसवील. तो निर्दोष असल्याचा पुरावा वर खांबावरच्या यंत्राने टिपलेला असेल, पण ते चित्रण व्यवस्थापकाच्या खोलीत कुलपात. मालकाला पाहावयाचे असते तेव्हा ते दिसते. नोकराने मागितले की 'त्या दिवशी यंत्र बंद होते' असे उत्तर मिळण्याची धास्ती असते.

येथे यंत्राची एक खोड ध्यानात घ्यावी. चित्रण साठविणारी हार्ड डिस्क भरली की बहुतेक यंत्रे सर्वांत जुने चित्रण आपोआप पुसून त्यावर नवे लिहितात. कोणी मुद्दाम पुसावे लागत नाही. नुसता वेळ काढला तरी पुरे होते. म्हणून आळ आला की तोंडी विनवण्या करीत बसू नये. दिनांक, वेळ व जागा लिहून चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी द्यावा, पोच घ्यावी आणि एक प्रत पोलीस ठाण्यात द्यावी. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 अन्वये असे चित्रण हजर करण्याचा आदेश पोलीस ठाण्याचा प्रमुख अथवा न्यायालय देऊ शकते.

पुढे न्यायालयात त्या चित्रणाच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते. ते यंत्राच्या धन्याने दिलेच नाही तर? हा प्रश्न आपल्याच जालना जिल्ह्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला गेला की काय, हा वाद होता. चित्रण सरकारी कचेरीतले, आणि अधिकारी प्रमाणपत्र देईनात. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणात 14 जुलै 2020 रोजी न्यायालयाने सांगितले की प्रमाणपत्र आवश्यक आहे, परंतु मागूनही ते मिळत नसेल तर ते हजर करविण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करता येतो. तत्पूर्वी 2015 मध्ये, वाराणसीच्या एका हॉटेलातील मृत्यूच्या खटल्यात, हाताशी असलेले चित्रण सरकार पक्षाने पुढे आणले नाही ही गोष्ट न्यायालयाने त्याच पक्षाविरुद्ध धरली आणि आरोपी सुटले. निवडणुकीतील उमेदवाराला जे साधते ते झाडणाऱ्या बाईला साधणे कठीण, हे आम्ही जाणतो. तरी वाट आहे, हे तिला ठाऊक तरी असावे.

गाडीवाल्यांविषयीही दोन शब्द. 'वाहन मालकाच्या जबाबदारीवर' अशी पाटी लावून किंवा पावतीवर छापून हात झटकण्याची रीत सर्वत्र आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका हॉटेलच्या प्रकरणात ठरविले की किल्ली ताब्यात घेऊन गाडी लावणाऱ्याला, स्वतःचा हलगर्जीपणा असल्यास, अशा छापील ओळीमागे दडता येत नाही. मग त्याने कॅमेऱ्याच्या भरवशावर रखवालदार कमी करावा काय? कॅमेरा चोर पाहील, पण धरणार नाही.

आणि रुग्णालयाच्या वाहनतळावर केवळ वाहने नसतात. दूरच्या खेड्यांतून आलेली माणसे तेथेच भाकरी सोडतात, चादर अंथरतात, बाया पोरांना पाजतात. त्यांचे चित्रण कोण पाहतो? खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्णय नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने दिला. त्या निर्णयात निजावयास छप्पर नसलेला मनुष्य वगळलेला नाही.

असो. ज्या ठिकाणी कॅमेऱ्याची गरज गरिबाला सर्वांत अधिक, त्या पोलीस कोठडीत तो बसवा आणि चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष तरी राखा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी दिला होता. सप्टेंबर 2025 मध्ये, ठाण्यांतील कॅमेरे चालत नसल्याच्या वृत्ताची त्याच न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. मोटारींवरचा डोळा उघडा आणि माणसांवरचा मिटलेला, हा प्रकार आपण किती काळ पाहत राहणार?

तेव्हा आपल्या वसाहतीत, आपल्या कामाच्या जागी कॅमेऱ्यांची वर्गणी मागावयास कोणी आले तर ती अवश्य द्यावी. मात्र चित्रण किती दिवस राहील, ते कोण पाहील, आणि ज्याच्यावर आळ येईल त्याला ते दाखविले जाईल की नाही, हे ठरावात लिहून घ्यावे. आणि पावतीबरोबर त्या ठरावाची प्रत मागून घ्यावी.