यादीत बाई का नाही?

"मोठे शास्त्रज्ञ पुरुषच का? बाईला निसर्गानेच बुद्धी कमी दिली," परवा कांदिवलीत आपलाच एक शिकलेला कार्यकर्ता म्हणाला. तेही जयंतीच्या बैठकीत!

मित्रांनो, हे 'विज्ञान' जुनंच आहे. १८७१ मध्ये डार्विनने पुरुषाची बुद्धी वरचढ ठरवली. पुरावा काय? काव्य, इतिहास, विज्ञानातल्या नामवंत स्त्री-पुरुषांच्या याद्या करून बघा म्हणे. जिला शाळेची पायरी चढू दिली नाही, तिचं नाव यादीत शोधायचं! आपल्याला 'मेरिट नाही' म्हणणारे हेच करतात ना?

अकराच वर्षांनी, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंनी 'स्त्री-पुरुष तुलना'मध्ये विचारलं, बाईच्या माथी मारलेले दोष पुरुषांत नाहीत का? जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली.

मनुस्मृतीतही बाईचे दोष हा तिचा 'स्वभाव'च. ती १९२७ मध्ये महाडला जाळली. मग तोच निकाल शास्त्रज्ञाने दिला की आपण मान का डोलावतो?