परदेशातून आलेली झाडं-झुडपं वणवा का वाढवतात?

जून २०१७. पोर्तुगालमध्ये पेद्रोगाव ग्रांदे इथल्या वणव्यात ६६ जणांचा जीव गेला. त्या भागात कागदासाठी लावलेली ऑस्ट्रेलियाची निलगिरी भरपूर होती. तिच्या पानांत तेल असतं, त्यामुळे आग झपाट्याने पसरते.

आपल्याकडे, नागपूर जिल्ह्यातल्या पेंचमध्ये असा पाहुणा म्हणजे घाणेरी, अर्थात लँटाना. मूळची अमेरिका खंडातली ही घाणेरी इंग्रजांच्या काळात शोभेसाठी भारतात आली.

उन्हाळ्यात मोहफुलं वेचण्यासाठी अनेकदा झाडाखालचा पाचोळा जाळला जातो. ही आग एरवी जमिनीलगतच राहते. घाणेरीची वाळलेली दाट झुडपं मात्र तिला शिडीसारखी वर, झाडांच्या फांद्यांपर्यंत नेतात. वर जळालेली घाणेरी पावसाळ्यात मुळापासून पुन्हा फुटते!

म्हणूनच फक्त आग विझवून भागत नाही. घाणेरी मुळासकट काढून तिथे गवत वाढवावं लागतं.