इन्स्टाग्रामच्या ग्रिडमध्ये ‘चकली’ची ‘कली’ कशी झाली?

दिवाळी फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या एखाद्या काकूंचं इन्स्टाग्राम प्रोफाइल डोळ्यांसमोर आणा. २०२३ साली टाकलेली चौरस पोस्ट आहे. अगदी डाव्या कडेपासून ‘चकली’, उजव्या कडेला दर आणि खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत मोबाइल नंबर. आज ग्रिडमध्ये तिथे ‘कली’ दिसते, दर अर्धवट आणि नंबरचे पहिले-शेवटचे आकडे गायब. काकूंनी पोस्टला हातही लावलेला नाही. बदलली ती चौकट.

२०१० मध्ये इन्स्टाग्राम आलं तेव्हा फोटो फक्त चौरसच टाकता यायचा. २०१५ मध्ये उभे-आडवे फोटो चालू लागले, पण प्रोफाइलवरचं ग्रिड चौरसच राहिलं. जानेवारी २०२५ मध्ये तेही उभं झालं. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांचं म्हणणं असं, की आता बहुतेक फोटो-व्हिडिओ उभेच येतात. ते खरंही आहे. फोन उभा धरला की बहुतेक कॅमेरे ३:४ फोटो काढतात आणि रील तर ९:१६.

आता गणित बघू. जुनी पोस्ट १०८०×१०८० पिक्सेलची. ३:४ चौकटीत उंची १०८० ठेवली तर रुंदी उरते ८१०. म्हणजे दोन्ही बाजूंनी १३५-१३५ पिक्सेल कापले, एकूण पाव फोटो! १०८०×१३५० च्या उभ्या पोस्टचं नुकसान कमी: प्रत्येक बाजूला साधारण ३४ पिक्सेल.

पोस्टवर टॅप केलं की ती पूर्ण दिसते, हे मान्य. पण नवीन ग्राहक आधी ग्रिडच चाळतो. तिथेच नाव-दर कापलेले दिसले तर तो टॅप कशाला करेल? मोठ्या ब्रँडकडे डिझायनरची टीम असते, दोनशे जुन्या पोस्ट ते पुन्हा बनवून घेतील. काकूंनी काय करायचं? मला खटकतं ते हेच. निर्णय कंपनीचा, निस्तरायचं मात्र वापरणाऱ्यांनी.

मग करायचं काय?

- महत्त्वाच्या जुन्या पोस्टवर तीन टिंबांच्या मेन्यूत ‘ॲडजस्ट प्रिव्ह्यू’ वापरून बघा. सगळ्या पोस्टच्या मागे लागू नका, ज्यांवर नंबर किंवा दर आहे तेवढ्याच.
- नवीन पोस्ट १०८०×१४४० मध्ये बनवा आणि वर-खाली १८० पिक्सेलमध्ये मजकूर टाकू नका. उद्या कुठे ती चौरस कापली गेली तरी मजकूर वाचेल. डाव्या-उजव्या कडेलाही थोडी जागा सोडा.
- प्रोफाइल फोटो गोल दिसतो. चौरसातून गोल कापला की साधारण २१ टक्के भाग जातो, तोही चारही कोपऱ्यांतला. लोगोचं नाव कोपऱ्यात नको.
- मूळ, न कापलेली फाइल जपून ठेवा. ॲपवरून परत डाउनलोड केलेला फोटो म्हणजे मूळ फोटो नव्हे.

इंजिनिअर म्हणून सांगतो, ‘२०२५ चे परफेक्ट साइज’ असले तक्ते पाठ करू नका. चौदा वर्षं टिकलेला चौरस एका अपडेटमध्ये गेला, तसा ३:४ सुद्धा जाऊ शकतो. कामाचं ते मधोमध ठेवलंत, तर पुढच्या वेळी तुमची चकली शाबूत राहील.