अक्षर बदलले, आवाज बसला

परवा एका ताईंनी विचारले, "बाई, पोरीचं अक्षर पूर्वीसारखं राहिलं नाही. आवाजही घोगरा झालाय. अभ्यासाचा ताण असेल का?" असेलही. पण आम्ही उलट विचारले, पोरगी जेवते का?

रिकाम्या डब्याची भूक आपल्या घरांना ठाऊक आहे. डबा भरलेला असताना न जेवण्याचा आजार मात्र आपल्या पचनी पडत नाही. नखरे म्हणून आपण मोकळे होतो.

१९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवले. वजन सुमारे पाव हिश्शाने घटले. अंगात त्राण उरले नाही, थंडी वाजू लागली, लक्ष कशात लागेना. बोलणे फिरूनफिरून अन्नावरच! काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. चांगल्या मनाची माणसे ही. उपासमारीनेच त्यांना असे केले. मग गार पडलेल्या, अशक्त बोटांचे अक्षर बिघडले, बोलणे मंदावले, तर नवल कसले?

दुसरा प्रकार लपून चालतो. भराभर खायचे आणि मोरीत जाऊन ओकायचे. पोटातले आम्ल घशाला लागून आवाज बसतो, दात झिजतात, कानाखालच्या ग्रंथी सुजून गाल फुगतात. १९७९ साली लंडनच्या डॉ. जेराल्ड रसेल यांनी या विकाराला नाव दिले. बोटे घशात घालून हाताच्या पाठीवर, बोटांच्या सांध्यांवर दातांचे घट्टे पडतात, हेही त्यांनीच नोंदवले. तेव्हा वहीइतकाच लेखणी धरणारा हातही बघा. ओकाऱ्यांनी रक्तातले पोटॅशियम घटते. स्नायू गळतात, हृदयाचे ठोके बिघडतात आणि जीवही जाऊ शकतो.

अक्षर पाहून रोग सांगणाऱ्यांना मात्र पैसे देऊ नका. अक्षर चष्म्यानेही बदलते, थायरॉईडनेही.

ताईंना सांगितले, "जाडी-बारीक" हे शब्द घरात बंद करा. रागावू नका, बळेबळे भरवूही नका. फार दिवसांच्या उपाशी पोटात एकदम अन्न गेले तर तेही घातक ठरते. आधी सरकारी दवाखान्यात वजन, रक्त आणि हृदयाचा आलेख तपासून घ्या, मग मानसोपचार विभाग गाठा. १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येते.

ताई म्हणाल्या, "पोराच्या बाबतीतही होतं का हो असं?" होते. मुलगे सांगत नाहीत, एवढेच.