पिंपात काय आहे, ते आधी विचारा

तुमच्या घरातलं कुणीतरी एमआयडीसीत कामाला जात असेल. मुलगा, सून, जावई, नाहीतर तुम्ही स्वतः. आज रात्री जेवताना त्यांना एक प्रश्न विचारा. "दिवसभर तुम्ही ज्या पिंपाशेजारी उभे असता, त्यात काय असतं?"

बहुतेक घरांत उत्तर येईल, "केमिकल." फार तर "सॉल्व्हंट." हे नाव नव्हे. बाजारातून काय आणलंत म्हणून विचारावं आणि कुणी "सामान" म्हणावं, तसं हे झालं. मला काळजी वाटते ती इथेच. ज्याचं नावच ठाऊक नाही, त्यापासून जपायचं कसं?

गेल्या काही वर्षांत कारखान्यांतलं काम फार बदललं. विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्या, सौर पॅनल, नव्या तऱ्हेचे रंग, फोम, रेझिन. यातलं पुष्कळसं चांगलंच आहे. रस्त्यावर धूर न सोडणारी स्कूटर कुणाला नको? पण नवं यंत्र येतं तेव्हा त्याच्यासोबत नवं रसायनही शेडमध्ये येतं. जुन्या कामगाराचा अनुभव तिथे पुरत नाही, कारण ते रसायन त्यानेही कधी हाताळलेलं नसतं.

म्हणून आता माल बनायला लागण्याआधीच रसायनाचा धोका तपासण्यावर जगभर भर वाढला आहे. हे काम तज्ज्ञांचं असलं तरी त्यातले दोन प्रश्न कुणालाही कळतील असे आहेत. हे रसायन मुळात किती अपायकारक आहे? आणि ते माणसापर्यंत किती आणि किती वेळ पोहोचतं? दोन्ही उत्तरं एकत्र ठेवली की धोका कळतो.

हा हिशोब तुम्ही घरात रोज करता. संडास धुण्याचं अ‍ॅसिड झाकण लावून वरच्या फळीवर ठेवलं, तर भीती थोडी. तेच अ‍ॅसिड बंद न्हाणीघरात ब्लीचमध्ये मिसळलं, तर क्लोरीन वायू तयार होतो आणि छातीत जातो. बाटल्या त्याच, पण वापर चुकला. (हे दोन एकत्र कधीही करू नका. घरी कामाला येणाऱ्या बाईंनाही आजच सांगा.)

आता बॅटरीचंच घ्या. लिथियम बॅटरीत धातूच्या पातळ पट्टीवर काळ्या पेस्टचा लेप देतात. ती पेस्ट कालवायला बऱ्याच ठिकाणी एनएमपी नावाचं द्रावक वापरतात. त्याचा वास मंद असतो, म्हणून भीती वाटत नाही. पण ते कातडीतून शरीरात शिरतं. पोटातल्या बाळाला त्याने अपाय होऊ शकतो. कामगारांच्या अंगाशी ते किती येऊ द्यायचं, यावर युरोपने 2020 पासून बंधन घातलं आहे. साधा रबरी हातमोजा त्याला फार वेळ अडवत नाही, ब्युटाइल रबराचा लागतो. तोंडाला बांधलेला रुमाल तर कुठलीच वाफ अडवत नाही. वाफेसाठी डबी लावलेला मास्क लागतो, आणि ती डबी कोणती हे रसायनावर ठरतं.

घरातली लेक-सून अशा ठिकाणी कामाला असेल आणि दिवस गेले असतील, तर लाजू नका. पहिल्याच महिन्यात सुपरवायझरला सांगा आणि दुसरीकडे काम मागा. नोकरी जाईल या भीतीने तीन-चार महिने लपवून ठेवतात. बाळाला जपायचे महिने नेमके तेच असतात.

नाव कळलं की पुढचं काम. प्रत्येक रसायनासोबत सुरक्षेचा एक कागद येतो. कारखान्यात त्याला एमएसडीएस म्हणतात. त्याचे 16 भाग असतात. सगळे वाचायला कुणाला वेळ आहे? तुम्ही तीन बघा. दुसऱ्या भागात धोका काय ते असतं, चौथ्यात प्रथमोपचार, आठव्यात हातमोजे, चष्मा, मास्क कोणता ते. कागद इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा. या तीन पानांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि घरच्यांनाही पाठवा. कधी चक्कर आली, डोळे चुरचुरले, दवाखान्यात न्यावं लागलं, तर डॉक्टरांना आधी तो फोटो दाखवा.

हे मी एवढं आग्रहाने का सांगतो? भोपाळमुळे. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री तिथल्या कीटकनाशकाच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला. टाकीत पाणी शिरलं होतं आणि सुमारे 40 टन माल तापत गेला. माणसं दवाखान्यात पोहोचली, पण डॉक्टरांना कळेना की कोणत्या वायूवर इलाज करायचा. नाकातोंडावर ओलं फडकं धरा, एवढंही शेजारच्या वस्त्यांना कुणी आधी सांगितलेलं नव्हतं. हजारो माणसं गेली.

त्यानंतर 1987 मध्ये कारखान्यांचा कायदा बदलला. कामगारांना आणि आजूबाजूच्या लोकांना धोक्याची माहिती देणं मालकावर बंधनकारक झालं. 2020 च्या कामगार संहितेतही माहिती मागण्याचा हक्क आहे. तेव्हा विचारताना अंग चोरू नका, आणि भांडायलाही जाऊ नका. "साहेब, या पिंपाचा एमएसडीएस बघायला मिळेल का?" इतकं शांतपणे म्हणा. चांगल्या सेफ्टी ऑफिसरला असा प्रश्न आवडतो. कंत्राटी कामगार असाल तरीही विचारा. पिंपं धुण्याचं, टाकीत उतरण्याचं काम बहुतेकदा तुमच्याच वाट्याला येतं. टाकीतली हवा तपासल्याशिवाय आणि बाहेर दोरी धरून माणूस उभा असल्याशिवाय आत उतरू नका. कुणी आत पडला तर त्याला काढायला तसंच धावू नका. मागोमाग उतरलेला माणूसही तिथेच राहतो.

कामाचे कपडे कारखान्यातच बदला. तशी सोय नसेल तर वेगळ्या पिशवीत आणा आणि वेगळे धुवा. शिशाची धूळ बापाच्या सदऱ्यावर बसून घरी येते. लहान मूल त्याच सदऱ्याला बिलगतं.

तुमची स्वतःची छोटी शेड असेल, तर तुम्हालाही एक विनंती. लेबल नसलेलं पिंप स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. रसायन थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही काढून ठेवू नका. तहानलेला माणूस ती बाटली तोंडाला लावतो. आणि धंद्याच्या बाजूनेही बघा. युरोपात वर्षाला एक टनापासून पुढे रसायन विकायचं, तर त्याच्या धोक्याची माहिती आधी नोंदवावी लागते. तुमचा माल पुढे तिकडे जाणार असेल, तर आज ना उद्या गिऱ्हाईक हे कागद मागणारच.

आता कारखान्याशेजारी राहणाऱ्यांसाठी. डोंबिवलीत 26 मे 2016 ला आणि पुन्हा 23 मे 2024 ला स्फोट झाले. लांबच्या इमारतींच्या काचाही फुटल्या. म्हणून धूर दिसला की खिडकीपाशी बघायला जाऊ नका, मुलांना आतल्या खोलीत न्या. वायू सुटला असेल आणि बाहेर असाल, तर आधी वाऱ्याची दिशा बघा आणि वाऱ्याला आडवं चालत दूर जा. घरात असाल तर दारं-खिडक्या लावा, एसी आणि एक्झॉस्ट बंद करा, दाराच्या फटीला ओला टॉवेल लावा. मग 112 ला फोन करा.

कारखाना बंद आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. विशाखापट्टणमला 7 मे 2020 च्या पहाटे असंच झालं. लॉकडाऊनमुळे काम थांबलेलं होतं, पण टाकीत स्टायरिन भरलेलं होतं. ते थंड ठेवावं लागतं. ते तापलं, वायू सुटला आणि झोपेतल्या वस्तीत शिरला. 12 माणसं गेली.

1989 च्या नियमांनुसार मोठ्या धोक्याच्या कारखान्यासाठी कारखान्याबाहेरचाही आपत्कालीन आराखडा तयार असावा लागतो. तो जिल्हा प्रशासनाकडे असतो. ग्रामसभेत किंवा नगरसेवकाकडे विचारा की भोंगा कसा वाजतो आणि वाजल्यावर जायचं कुठे. आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना हे ठाऊक आहे का, तेही बघा.

गावाजवळ नवा प्रकल्प येणार असेल, तर जनसुनावणीची नोटीस चुकवू नका. निदान 30 दिवस आधी ती निघते. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीतही द्यावा लागतो आणि तो ग्रामपंचायतीत बघायला मिळतो. मंजूर औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पाला मात्र अशी सुनावणी टाळता येते, तिथे जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज देऊन माहिती मागा.

सुनावणीला चार-पाच जण मिळून जा, त्यात निदान दोन बाया असू द्या. प्रकल्प हवा की नको, हे नंतर बोला. आधी रसायनांची नावं मागा आणि वहीत लिहून घ्या. एका वेळी किती टन साठवणार? वीज गेली तर ते थंड कसं ठेवणार? सांडपाणी कुठे सोडणार, हे विचाराल तेव्हा तुमच्या नाल्याचं नाव घेऊन विचारा, तो पुढे कोणत्या विहिरींपाशी जातो तेही सांगा.