मांत्रिक : शब्द आणि आपले कर्तव्य

‘मांत्रिक’ हा शब्द उच्चारताच उतारे, मंतरलेले पाणी आणि गंडेदोरे डोळ्यांपुढे उभे राहतात. वास्तविक या शब्दाचे कूळ थोर आहे. ‘मन्’ म्हणजे विचार करणे. या धातूस ‘त्र’ हा साधनवाचक प्रत्यय लागून ‘मंत्र’ शब्द सिद्ध होतो. विचाराचे साधन तो मंत्र. राजास मसलत देणारा मंत्री आणि मसलत या अर्थाची मंत्रणा, हे त्याच कुळातील शब्द होत. मंत्र जाणणारा तो मांत्रिक. मंत्र्याच्या वाट्यास विचार आला, मांत्रिकाच्या वाट्यास मात्र पुटपुटणे उरले! इतर शब्दांचीही हीच गत झाली. गरुडाच्या नावाची विषविद्या ती गारुडविद्या. आजचा गारुडी पुंगीवर सापाचा खेळ करतो. देवर्षी ही नारदमुनींची पदवी. खेड्यातील ‘देवऋषी’ भूत उतरवितो.

काही वैद्यबंधू विचारतात, भूतविद्या हे अष्टांगांपैकी एक अंग आहे, चरकाचार्यांनी विषाच्या चोवीस उपक्रमांत मंत्रास प्रथम स्थान दिले आहे; मग मांत्रिकास दूषण का द्यावे? आक्षेप निराधार नाही, पण तो अपुरा आहे. सुश्रुताचार्य कल्पस्थानाच्या पाचव्या अध्यायात मंत्राची थोरवी सांगून लगेच बजावतात की, विधी सोडून अथवा स्वर-वर्णांत चुकून म्हटलेले मंत्र सिद्धीस जात नाहीत, म्हणून अगदांची योजना करावी. चरकाचार्य उन्मादनिदानात सांगतात की, जो स्वतःच्या कर्माने पीडित नाही त्याला देव वा पिशाच पीडा देत नाहीत. शास्त्राने मंत्राचा मान राखला, पण रुग्णाचे प्राण केवळ त्याच्या हवाली केले नाहीत.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा नाही. पिंपळगाव सराई येथील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर दूरदूरहून मनोरुग्णांना आणले जाते. श्रद्धेविषयी येथे काहीच म्हणावयाचे नाही. मात्र श्रद्धेपायी औषध बंद होता कामा नये आणि रुग्णास साखळीने बांधले जाता कामा नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने तसे बांधण्यास मनाई केली आहे. पावसाळ्यात शेतात सर्पदंश झाला की उताऱ्यात जाणारा वेळ रुग्णाच्या आयुष्यातून वजा होतो. विषारी दंशावर प्रतिविषाचे इंजेक्शन हाच आज खात्रीचा उपाय आहे. कुत्रा, साप वा विंचू चावलेल्यास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा असून, त्यास सहा महिने ते सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे.

औषधी दुकानदार बंधूंनीही आपल्या मांडणीकडे एकदा पाहावे. रोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या ताईत, कवच वा मंत्राच्या जाहिरातीस १९५४ च्या चमत्कारी उपचारविषयक कायद्याने बंदी आहे. गुग्गुळाचा धूप अवश्य विकावा, पण त्याच्या पुडीवर ‘भूतबाधानाशक’ असे छापलेले नसावे.

तरीही लोक मांत्रिकाकडे का जातात? तो घटकाभर ऐकून घेतो, घरच्यांना समोर बसवितो, धीर देतो. आपण नाडी पाहून चार पुड्या बांधतो आणि पुढील रुग्णास हाक मारतो. चरकाचार्यांनी सांगितलेली सत्त्वावजय चिकित्सा, म्हणजे अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह, निवांत संभाषणावाचून होणार कशी? मंत्राचा मूळ अर्थ विचार आणि मसलत हाच असेल, तर त्यावर पहिला हक्क वैद्याचा आहे. रुग्णास दहा मिनिटे अधिक द्यावीत, गरज दिसताच मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे आणि सर्पदंशाच्या रुग्णास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयाकडे रवाना करावे. पुटपुटणे ज्याचे त्याला लखलाभ असो. मसलत आपण परत घ्यावी.